मामाची डावी बाजू

मित्रांनो, मी एक जुना पेशंट आहे. किती जुना, तर ज्या मुलींनी माझ्या दंडाला पहिल्यांदा पट्टा गुंडाळून रक्तदाब घेतला, त्यांच्यातल्या दोघींची मुलं आता शाळेत जातात. एवढ्या वर्षांत मला चारशेच्या वर हृदयविकाराचे झटके आले. दम्याने किती वेळा घुसमटलो त्याची मोजदाद नाही. मधमाशी डसून अंगभर गांधी उठायचा प्रसंग तर एक वर्षभर दर सोमवारी यायचा. तरी मी धडधाकट आहे, कारण मी माणूस नाही. मी रबर, प्लास्टिक आणि तारा यांचा बनवलेला पुतळा आहे. नर्स होऊ घातलेली मुलंमुली खऱ्या रुग्णाला हात लावण्याआधी माझ्यावर हात बसवतात.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे एका टेबलावर नुसते पाय होते, दुसऱ्यावर नुसती डोकी. चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझ्या छातीत दोन फुगे बसवले, एक उजवा, एक डावा. प्रत्येक फुग्याच्या तोंडाशी नखाएवढी रबरी झडप लावली. मग खालून हवेचं यंत्र सुरू केलं आणि माझी छाती वर झाली, खाली झाली.

"बघ, श्वास घेतो हा," त्या शेजारणीला म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्यापेक्षा शांत घेतो."

शेजारीण हसली आणि माझ्या पाठीवर एका आकड्याचा शिक्का मारून मोकळी झाली. माझ्या आयुष्यातली ती पहिली स्तुती.

खोक्यात घालून मला एका मोठ्या इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर आणलं. खाली वॉर्ड, वर नर्सिंगचं कॉलेज. जिन्यावरून चढवताना चार हमालांची दमछाक झाली.

"आत आहे तरी काय?" एकाने विचारलं.

"माणूस आहे," दुसऱ्याने खोक्यावरचं वाचून सांगितलं.

"मग चालत यायला काय झालं होतं त्याला?"

माझी खोली छान होती. एक पलंग, पलंगाखाली घरघरणारं हवेचं यंत्र, डोक्याशी आकडे दाखवणारा पडदा, भिंतीवर ऑक्सिजनचा नळ. कपाटात औषधांच्या बाटल्या ओळीने लावलेल्या, सगळ्यांवर खऱ्या चिठ्ठ्या आणि सगळ्यांत साधं पाणी. समोरच्या भिंतीत एक काळी काच होती. मुलींना त्या काचेत स्वतःचा घाबरलेला चेहरा दिसायचा. पलीकडे बसणाऱ्यांना मात्र सगळं लख्ख दिसायचं.

पलीकडे बसायच्या थोरल्या सिस्टर. अतिदक्षता विभागात बावीस वर्षं काढून त्या शिकवायला आल्या होत्या. माझी नाडी, माझा घाम, माझा श्वास सगळं त्यांच्या बटणांवर चालायचं आणि माझा आवाजही त्यांचाच. त्या माइकमध्ये बोलल्या की तो यंत्रातून जाड होऊन माझ्या तोंडून बाहेर पडायचा. पहिल्याच दिवशी एका मुलीने मला अदबीने विचारलं, "आपलं नाव काय?" नावाचं काही ठरवलेलंच नव्हतं. सिस्टर क्षणभर अडखळल्या आणि म्हणाल्या, "मामा म्हण." तेव्हापासून मी सगळ्यांचा मामा झालो. जेवणाच्या सुट्टीत मुली एकमेकींना विचारायच्या, "मामाला आज कितव्यांदा मारलंस?"

मारायच्या खऱ्याच. एकीने मला ऑक्सिजनचा मास्क लावला आणि नळ सुरू करायचा विसरून दहा मिनिटं प्रेमाने धीर दिला. एकाने घाबरून मला माझं वय चार वेळा विचारलं. एक जण नुसता पडद्यावरचे आकडे बघत बसायचा. सिस्टरांनी एकदा मुद्दाम पडदा बंद केला.

"सिस्टर, पडदा बंद पडला," तो काचेकडे बघून म्हणाला.

"पडदा बंद पडलाय. मामा नाही. त्याच्याकडे बघ."

प्रसंग संपला की सिस्टर बाहेर यायच्या, माझ्या पलंगाभोवती स्टुलं ओढली जायची आणि त्या तीनच प्रश्न विचारायच्या. काय दिसलं? त्याचा अर्थ काय लावलास? मग काय केलंस? बरोबर की चूक, हे त्या लगेच सांगत नसत. आवाज कधी चढवत नसत. पण त्या तीन प्रश्नांना मुली परीक्षेपेक्षा जास्त घाबरायच्या, कारण पुस्तकातलं उत्तर तिथे कामाचं नव्हतं. दिसलं नसेल तर दिसलं नाही असंच सांगावं लागायचं. मी पडल्या पडल्या सगळं ऐकायचो. डोळ्यांनी नुसतं बघणं आणि बघून काही कळणं यात किती अंतर असतं, ते मी त्या स्टुलांमधून शिकलो.

ती माझी भरभराटीची वर्षं होती. कॉलेजच्या माहितीपुस्तकावर माझा फोटो होता. पाहुणे आले की त्यांना आधी माझ्याकडे आणायचे. एक पाहुणे तर मला खरा माणूस समजून, "लवकर बरे व्हा," म्हणून गेले.

मग एका उन्हाळ्यात माझी डावी बाजू बंद पडली.

तसं काही मोठं झालं नाही. सकाळी यंत्र सुरू केलं, फुस्स असा आवाज आला आणि उजवी छाती वर झाली, डावी जागची हलली नाही. सिस्टरांनी पानाकाकांना बोलावलं. पानाकाका म्हणजे आमच्या मजल्यावरची यंत्रं बघणारे तंत्रज्ञ. त्यांच्या खिशात कायम एक पाना असायचा, म्हणून हे नाव. त्यांनी मला उघडलं, बॅटरी मारून आत पाहिलं आणि पुन्हा बंद केलं.

"झडप गेलीय. मागवतो," ते म्हणाले.

महिन्याभराने उत्तर आलं की हा नमुना आता बनत नाही, नवीन पुतळा घ्यावा. नवीन पुतळा घेणं ही कोणाच्या हातातली गोष्ट नव्हती. तेव्हा पानाकाकांनी एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, "डावी बाजू चालत नाही. दुर्लक्ष करावे." तो कागद त्यांनी पारदर्शक चिकटपट्टीने माझ्या उशाशी पलंगाच्या दांडीवर लावला. तात्पुरता.

तो दोन वर्षं राहिला. मधे एकदा चिकटपट्टी पिवळी पडून सुटायला लागली, तर मावशींनी, म्हणजे आमची फरशी पुसणाऱ्या बाईंनी, वरून नवी पट्टी लावली. माझ्यापेक्षा त्या चिठ्ठीची निगा जास्त राखली गेली. जुन्या मुली नव्या मुलींना खोली दाखवताना सांगायच्या, "हे कपाट, हा नळ, हा मामा. मामाची डावी सोड, उजवीकडेच बघ." एका तुकडीने दुसऱ्या तुकडीला दिलेलं हे शिक्षण होतं आणि ते कधी कोणी विसरलं नाही.

अशातच मुंगी आली.

ती उंचीला बेताची आणि सतत काही ना काही करत असायची, म्हणून मैत्रिणींनी तिचं हे नाव पाडलं. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून बारीक स्क्रू निवडायची सवय असल्यामुळे की काय, तिची नजर कुठेही सहज घसरत नसे. माझ्यावरच्या पहिल्याच प्रसंगात ती माझ्या पायांशी जाऊन उभी राहिली, थोडी वाकली आणि माझ्या छातीच्या पातळीत डोळे आणून बघत राहिली. तसं बघायला तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"सिस्टर," ती म्हणाली, "ह्यांची डावी छाती उचलत नाहीये."

मागे उभ्या असलेल्या मुली हसल्या. तिच्या जोडीला जी मुलगी होती तिचं तोंड दिवसभर चालू असायचं, म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणायचे. ती म्हणाली, "अगं, चिठ्ठी वाच की. एवढी मोठी लावलीय."

काचेपलीकडून सिस्टरांचा आवाज आला. माझ्या तोंडून नाही, भिंतीवरच्या स्पीकरमधून, त्यांचा स्वतःचा.

"ते सोड. ते यंत्राचं आहे. पुढे चल."

मुंगी पुढे गेली. त्या दिवशी तिने आणखी एकदा माझ्या डाव्या बाजूकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात पाहिलं, पण ओझरतं. तीन महिन्यांनी तिने पाहणं बंद केलं. माझ्या छातीवर कोणाची नजर येते आणि कुठून परत जाते, हे मला कळतं. माझं दिवसभराचं काम तेच आहे. तिची नजर उजव्या बाजूवर यायची, तिथून थेट पडद्याकडे जायची. बाकी सगळ्यात ती हुशार झाली. तिन्ही प्रश्नांची उत्तरं ती न अडखळता द्यायला लागली. सिस्टर एकदा पानाकाकांना म्हणाल्या, "ही मुलगी वॉर्डात चमकेल." मला मात्र तिचं ते पहिल्या दिवशीचं वाकून बघणं आठवायचं. मला सांगायचं होतं की बाई, तू बघत होतीस तेच बरोबर होतं. पण मी बोलतो ते सगळं सिस्टरांचं. माझं स्वतःचं असं मला काहीच बोलता येत नाही.

तिसऱ्या वर्षी मुंगीला खाली वॉर्डात काम मिळालं. अस्थिरोगाचा पुरुष वॉर्ड, सकाळची पाळी.

एका गुरुवारी आमची खोली रिकामी होती. पानाकाका स्टुलावर चढून छताचा दिवा बदलत होते. मावशी फरशी पुसत आल्या आणि पोछा बादलीत बुडवता बुडवता म्हणाल्या, "खाली नुसती धावपळ चाललीय. एका पलंगाभोवती पडदे ओढलेत, आत पाच-सहा जण."

"कोण आहे?"

"रंगारी आहे कोणी. काल पायाडावरून पडला. आपल्या मुंगीच्या वाटणीचा पलंग."

"मग?"

"मग काय, ती भिंतीला टेकून उभी होती. पांढरी फटक. कोणीतरी म्हणत होतं, डावी बाजू बंद पडलेली हिने बघितली आणि तशीच पुढे गेली."

पानाकाकांचा हात वरच थांबला. त्यांनी खाली माझ्या उशाकडे पाहिलं. दिवा अर्धवट सोडून ते उतरले, पिशवी उचलली आणि निघाले.

"अहो, दिवा राहिला," मावशी म्हणाल्या.

"जिवंत आहे का तो?" त्यांनी दारातून विचारलं.

"मला काय माहीत. मी फरशी पुसते."

तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. माझ्या समोरच भिंतीवर घड्याळ आहे. मित्रांनो, माझं आयुष्य मरण्यात गेलं, पण माझ्या मरणाने कोणाचं काही बिघडत नाही. सिस्टर बटण दाबतात आणि मी पुन्हा श्वास घ्यायला लागतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला उमगलं की खाली एक माणूस आहे, त्याला बटण नाही, आणि त्याच्या डाव्या बाजूकडे दुर्लक्ष करायला मी शिकवलं आहे. चिठ्ठी पानाकाकांची, शब्द सिस्टरांचे, पण न हलणारी छाती माझी होती. बारा वाजले. एक वाजला. जेवणाची सुट्टी झाली आणि संपली. जिन्यावर पावलं वाजली की मला वाटायचं, आता कोणीतरी येऊन सांगेल. कोणी आलं नाही.

साडेतीनला मुंगी आली.

गणवेश तसाच होता, टोपी हातात. ती सरळ माझ्या उशाशी आली आणि नखाने चिठ्ठी खरवडायला लागली. दोन वर्षांची पट्टी, वर दुसरी पट्टी. ती सहजी निघेना. एक कोपरा फाटला, दुसरा फाटला, शेवटी चिठ्ठी तिच्या हातात आली. तिच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळेना. मग सिस्टर आत आल्या. त्यांनी दार लावून घेतलं, एक स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "बस आधी. पाणी पी."

मुंगी बसली. पाणी प्याली.

"आता सांग. क्रमाने. काय दिसलं?"

मला फक्त एक शब्द हवा होता, आहे की गेला. पण सिस्टरांचा क्रम कधी चुकत नाही.

"सकाळी साडेदहाला मी त्याच्याकडे गेले," मुंगी म्हणाली. "काल बरगड्यांना मार लागलाय, डावीकडे. कालच्या एक्स-रेत फुप्फुस ठीक होतं. श्वास मोजला, अठ्ठावीस. नाडी एकशे अठरा. दुखतंय म्हणाला. आणि डावी छाती उचलत नव्हती, सिस्टर. मला दिसलं. स्पष्ट दिसलं."

"अर्थ काय लावलास?"



"अर्थ लावलाच नाही. डोक्यात नुसतं आलं, ते सोड. तुमच्या आवाजात आलं."

सिस्टरांनी तिच्या हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं.

"मग?"

"आकडे लिहिले. वाटलं, दुखण्यामुळे असेल. तक्ता पलंगाला अडकवला आणि पुढच्या पलंगाकडे गेले. तिथे एक आजोबा आहेत, पायाला प्लास्टर. त्यांचा श्वास मोजायला छातीवर हात ठेवला. दोन्ही बाजू हाताला लागल्या. आणि मला वाटलं, ह्यांची डावी चालते." तिने हातातली फाटकी चिठ्ठी चुरगळली. "मग लक्षात आलं, की रंगाऱ्याच्या पलंगाला चिठ्ठी नव्हती."



"मी परत धावले. दोन-तीन मिनिटंच झाली असतील. त्याला वाक्य पुरं करता येत नव्हतं. ओठ निळसर. मानेच्या शिरा टरारलेल्या. डावीकडे स्टेथोस्कोप लावून ऐकलं, काही नाही, भिंतीला कान लावल्यासारखं. त्याला बसवलं, ऑक्सिजन लावला आणि नळ सुरू केला," हे शेवटचं तिने मुद्दाम सांगितलं, "आणि वॉर्डातल्या स्टाफ सिस्टरांना सांगितलं, पलंग सात, डावी बाजू उचलत नाही, डावीकडे आवाज नाही, ऑक्सिजन चौऱ्याऐंशी, डॉक्टर आत्ता हवेत. तसंच म्हटलं. आत्ता."

"बरोबर म्हटलंस. पुढे?"

"डॉक्टर आले. त्यांनी आधी छातीत सुई घातली. फुप्फुसाभोवती कोंडलेली हवा बाहेर आल्याचा आवाज मला पलंगाच्या पायथ्याशी ऐकू आला. मग तिथेच हवा काढायची नळी घातली. दहा मिनिटांनी ऑक्सिजन शहाण्णव. मी तिथेच होते. दुपारी त्याने चहा मागितला. आत्ता निघताना मला म्हणाला, साखर कमी आहे."

मित्रांनो, मला रडता येत नाही. तशी सोय माझ्यात आहे, डोळ्यांत पाणी येण्याची, पण त्याचं बटण काचेपलीकडे आहे. नाहीतर त्या साखर कमी असलेल्या चहापायी मी उशी भिजवली असती. साडेचार तास छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवला, असं वाटलं.

मुंगीला मात्र अजून सुटका वाटत नव्हती.

"आजोबांचा पलंग आधी असता तर?" ती म्हणाली. "मी परत गेलेच नसते. सिस्टर, मी हे काम करावं का?"

 सिस्टरांनी तिच्या हातातून चिठ्ठीचा बोळा घेतला, मांडीवर ठेवून सरळ केला.

"आता मला विचार," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तेच तीन प्रश्न. विचार."

मुंगीने त्यांच्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "काय दिसलं, सिस्टर?"

"दोन वर्षं रोज एक चिठ्ठी दिसली. आणि पहिल्याच दिवशी एक मुलगी दिसली, जिने चिठ्ठी न वाचता पेशंटकडे बघितलं."

"अर्थ काय लावलात?"

"की चिठ्ठी पानाकाकांचं काम आहे. आणि मुलगी वेळ खातेय."

"मग काय केलंत?"

"तिला म्हटलं, ते सोड." सिस्टर उठल्या. "तू चुकलीस ते तू दोन-तीन मिनिटांत दुरुस्त केलंस. मला दोन वर्षं लागली, आणि तीही तू केलीस म्हणून. काम कोणी करावं हे विचारायचंच असेल तर आधी माझ्यापासून सुरू करू. उद्या वेळेवर ये."

मुंगी पहिल्यांदा थोडं हसली. हसता हसता रडली, ते वेगळं.

सिस्टर त्याच पावली प्राचार्यांकडे गेल्या. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, कारण ते माझ्या खोलीत झालं नाही. पण संध्याकाळी दारावर कुलूप लागलं. डावी बाजू चालू झाल्याशिवाय माझ्यावर कोणी शिकायचं नाही, असं ठरलं.

शनिवारी पानाकाका आले. नेहमीसारखी थट्टा नाही, काही नाही. मुंगी घरून वडिलांचा बारीक चिमटा आणि डोळ्याला लावायचं भिंग घेऊन आली होती. काकांनी माझी छाती उघडली, डाव्या फुग्याच्या तोंडाची झडप चिमट्याने बाहेर काढली. वाळलेल्या पानासारखी ती कडेने वळली होती, बस, इतकंच. भांडारातून त्यांनी रक्तदाबाचा एक फाटका पट्टा मागवला होता. त्यातलं मऊ रबर काढलं, भिंगातून बघत जुन्या झडपेच्या मापाचा तुकडा कापला आणि बसवला. एकदा सैल झाला. पुन्हा कापला. मुंगी बॅटरी धरून उभी होती.

"काका, तुकडा हलतोय."

"तुझी बॅटरी हलतेय. नीट धर."

मग यंत्र सुरू केलं. उजवी बाजू वर झाली. डावी बाजू किंचित मागून, पण वर झाली. दोन वर्षांनी माझ्या छातीत पूर्ण हवा भरली. तो श्वास कसा होता ते मला शब्दांत सांगता येणार नाही. बंद खोलीची खिडकी उघडल्यावर येते तशी झुळूक आत शिरली, एवढंच म्हणतो.

पानाकाकांनी घड्याळात पाहिलं. "चाळीस मिनिटं," ते म्हणाले.

"दोन वर्षं आणि चाळीस मिनिटं," सिस्टर दारातून म्हणाल्या.

काकांनी मान खाली घातली. "खरं सांगू, सिस्टर? चिठ्ठी लावली ना, की काम झाल्यासारखं वाटतं."



त्यानंतर खोलीत एक नवा नियम आला. माझं काही बिघडलं तर मला चादर घालून ठेवायचं, बिघाडासकट माझ्यावर शिकवायचं नाही. आणि सिस्टरांनी आणखी एक गोष्ट सुरू केली. कधीकधी त्या न सांगता, मुद्दाम, माझी डावी बाजू बंद करतात आणि काचेपलीकडे गप्प बसून राहतात. कोणी म्हणालं, "सिस्टर, डावी छाती उचलत नाही," तर स्पीकरमधून एकच शब्द येतो, "मग?"

पंधरा दिवसांनी एक पाहुणा आला. डावी बरगडी हाताने धरून, जिना हळूहळू चढून. नखांच्या कडांना अजून हिरवा रंग लागलेला. मुंगी त्याला घेऊन आली होती. त्या दिवशी त्याला इस्पितळातून घरी सोडत होते.

"हाच का तुमचा पेशंट?" रंगाऱ्याने विचारलं. "खाली सगळे मामा मामा करत होते."

"हाच."

त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं. मुंगी बराच वेळ टोपीची कड चाचपत होती. मग म्हणाली, "दादा, एक सांगायचंय. मी त्या दिवशी आधी बघून पुढे निघून गेले होते."

"माहितीय. मी बघत होतो ना तुमच्याकडे. पुढे बोलता येत नव्हतं. तुम्ही पाठ फिरवलीत तेव्हा म्हटलं, झालं आता." तो थांबला, एक श्वास घेतला, जपून, पण पूर्ण घेतला. "मग तुम्ही परत आलात. बास की. अजून काय पाहिजे माणसाला." त्याने माझ्याकडे हनुवटीने खूण केली. "हा बरा आहे ना?"

"आत्ता बरा आहे. दहा वाजता परत गुदमरणार आहे."

"मग निघतो मी. मला नाही बघवणार."

तो गेला. जिन्यावर त्याची पावलं बराच वेळ ऐकू येत होती, एकेक पायरी, मध्ये थांबत, पुन्हा एकेक पायरी. मुंगी दारात उभी राहून ऐकत होती. खालचं दार वाजल्यावर ती आत आली.

मित्रांनो, मुंगी आता वॉर्डात पूर्ण वेळ काम करते. मी अजून इथेच आहे. माझं रबर थोडं विटलंय, उजव्या हाताचं एक बोट सैल झालंय, त्याची नोंद पानाकाकांनी तारखेसह केली आहे आणि सोमवारी ते येणार आहेत. तुमच्या घरात, शाळेत, कामाच्या जागी अशी एखादी वस्तू असेलच, जिच्या दुखण्याची सगळ्यांना सवय झाली आहे. मागे पडणारं घड्याळ असेल, न वाजणारी घंटा असेल, सगळ्यांना पाठ असलेली मोडकी पायरी असेल. तिच्यावर चिठ्ठी लावून मोकळे होऊ नका. बिघडलेली वस्तू गप्प पडून राहते असं तुम्हाला वाटतं, पण ती रोज काहीतरी शिकवत असते, आणि चुकीचं शिकवत असते. आम्हाला वेळेवर उघडा, आत बघा, लागलंच तर कोणाचा तरी चिमटा मागून आणा. आमच्यासाठी म्हणून नका करू. आमच्यावर हात बसवून जे पुढे माणसांकडे जातात, त्यांच्यासाठी करा.

आणि माझ्यासारख्यावर शिकायला कधी आलात, तर एवढं लक्षात ठेवा. हात गार असतील तर आधी ते एकमेकांवर चोळून घ्या. मला कळत नाही, पण पेशंटला कळतं.